पहिली-चौथीच्या पोरांचं शाळेचं सामान घेताना मी काय बघते

तुमचा प्रश्न वाचला. मुलगी पहिलीत जाणार, मुलगा चौथीत, गेल्या वर्षी त्याला सगळं भारीतलं घेऊन दिलं तरी सहामाहीच्या आत पेन्सिली गायब, कंपास ढिला, पाण्याची बाटली गळकी, त्यामुळे यंदा दोघांना साधंच घ्यावं की आणखी चांगल्या कंपनीचं घ्यावं असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं प्राथमिकच्या वर्गांना शिकवतेय, त्यामुळे दुकानातून बाहेर पडल्यावर या वस्तूंचं पुढे काय होतं ते रोज बघते, त्यावरून लिहिते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

भारी की साधं हे नंतर बघू. आधी हे बघा की आपण दुकानात वस्तू हातात घेतो तेव्हा आपले दोन्ही हात मोकळे असतात, हातात ताकद असते आणि घाई नसते. पोरगी ती वस्तू वापरणार अर्ध्या बाकावर, शेजारणीचं कोपर लागत असताना, फळ्यावरचं पुसलं जायच्या आत उतरवून घेताना, आणि मदतीला कोणी नाही कारण बाई एक आणि पोरं वर्गभर. म्हणजे तिला ती वस्तू स्वतः उघडता येते का, वापरता येते का, बंद करून परत जागेवर ठेवता येते का आणि ती आपलीच आहे हे ओळखता येतं का, एवढंच मी बघते. यात जे बसत नाही ते कितीही चांगल्या कंपनीचं असो, वर्गात बिनकामाचं.

श्रुतलेखनाच्या वेळी हे फार स्पष्ट दिसतं. मी शब्द सांगते, सगळे लिहितात, एका मुलाचं टोक मोडतं. त्याच्याकडे ती बटणांची पेटी असते, एक बटण दाबलं की शार्पनर वर येतो, दुसरं दाबलं की खोडरबराचा खण उघडतो, आत छोटं भिंगही असतं. तो शार्पनरचं बटण दाबतो, खण अर्धाच उघडतो, तो नखाने ओढतो, शेजारचे दोघं लिहायचं सोडून बघायला लागतात, तोवर माझे पुढचे तीन शब्द सांगून झालेले असतात. पेटी महागडीच आहे, मोडलेलीही नाही, पण पोराचे तीन शब्द गेले आणि शेजारच्यांचेही. साधी चेनची पिशवी असती तर दुसरी टोक काढलेली पेन्सिल उचलून तो पुढे लिहायला लागला असता.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत हे आधीच सांगते. शाळेने यादी दिली असेल तर आधी ती, वह्यांच्या रेघा आणि आकार यात स्वतःचं डोकं चालवू नका, कारण वर्गात सगळ्यांना एकाच पानावर काम करायचं असतं. शाळेत सामान ठेवायला कपाट किंवा खण आहे का यावर दप्तराचं गणित बदलतं. आणि एकाच वयाच्या दोन मुलांच्या हाताच्या ताकदीत खूप फरक असतो, त्यामुळे अमक्या इयत्तेला तमकं असं छापील उत्तर नसतं. तुमच्या मुलीचा हात मी बघितलेला नाही, म्हणून कसं ओळखायचं तेही सांगत जाते.

पेन्सिलीपासून सुरू करू, पहिलीत मुख्य ऐवज तोच. पेन्सिलीवर एचबी, टू-बी लिहिलेलं असतं ते बघून घ्या. आतली कांडी ग्रॅफाइट आणि चिकणमाती एकत्र करून भाजलेली असते (१७९५ मध्ये कोंते नावाच्या फ्रेंच माणसाने ही पद्धत काढली, अजूनही मूळ तत्त्व तेच आहे), माती जास्त असली की कांडी कडक आणि रेघ फिकी, ग्रॅफाइट जास्त असलं की मऊ आणि काळी. एचबी मधली, टू-बी तिच्याहून मऊ आणि काळी. बहुतेक मुलांना एचबी चालते. पण ज्या मुलीचा हात अजून हलका आहे तिची रेघ एचबीने फिकी उठते, मग ती जोर लावते, बोटं पांढरी होईपर्यंत पेन्सिल आवळते आणि अर्ध्या पानात हात दुखतो म्हणते, आणि आपल्याला वाटतं कंटाळा करतेय. अशा मुलीला टू-बी द्या, आपोआप पकड सैल होते. उलट काही मुलं दाबून लिहितात, त्यांना टू-बी दिली तर टोक सारखं बसतं आणि पान काळं होतं, त्यांना एचबीच बरी. ओळखायचं कसं, तर तिने लिहिलेलं पान उलटं करा आणि मागच्या बाजूने बोट फिरवा. अक्षरं बोटाला उठावदार लागली तर हात जड, काहीच लागलं नाही आणि पुढची रेघही राखाडी असेल तर हात हलका.

आकाराचं म्हणाल तर गोल पेन्सिल नको. बाकाला उतार असतो, गोल पेन्सिल घरंगळते आणि खाली पडते, आणि पडली की बाहेरून काही दिसत नाही पण आतली कांडी जागोजागी तडकते. मग टोक काढलं की गळून पडतं, परत काढलं की परत गळतं, आणि आपण शार्पनरला नावं ठेवतो. षटकोनी पेन्सिल कमी घरंगळते, तिकोनी जवळजवळ नाहीच, शिवाय तिकोनीवर तीन बोटं बरोब्बर तीन बाजूंवर बसतात, पहिलीच्या पोरांना ती मी नेहमी सुचवते. जाड तिकोनी पेन्सिली येतात त्याही छान, फक्त त्या साध्या शार्पनरच्या भोकात जात नाहीत, दोन भोकांचा शार्पनर सोबत घ्यावा लागतो, हे लोक विसरतात आणि मग पोरगी बोथट पेन्सिल घेऊन बसते.

दुकानात अजून एक गोष्ट करा, पेन्सिलीचा मागचा भाग डोळ्यासमोर धरून बघा. काळा ठिपका लाकडाच्या मधोमध असला पाहिजे. एका बाजूला सरकलेला असेल तर टोक काढताना एका बाजूने लाकूड कांडीवर चढतं, लिहिताना लाकूडच कागदावर घासतं, आणि टोक लवकर मोडतं. कंपनीचं नाव बघण्यापेक्षा हे बघणं जास्त उपयोगी, साध्या पेन्सिलींतही मधोमध कांडी असलेल्या मिळतात. आणि मागे रबर लावलेल्या पेन्सिली नकोत असं माझं मत. ते रबर थोड्या दिवसांत कडक होतं, पुसायला गेलं की कागद फाटतो किंवा काळा पट्टा ओढला जातो, शिवाय काही पोरं ते चावतात.

शार्पनर हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आणि माझ्या मते पैसे घालायचेच तर इथे घाला. स्वस्तातल्या शार्पनरचं पातं नीट धारदार नसतं, ते लाकूड कापत नाही, ओरबाडतं. चांगल्या पात्याने साल सलग, झालरीसारखी निघते, चुरा पडायला लागला की पातं बोथट झालं समजायचं आणि शार्पनर बदलायचा. कितीतरी घरांत महिन्याला पेन्सिलींचा पुडा संपतो तो पोरगी निष्काळजी आहे म्हणून नाही, शार्पनर पेन्सिल खातोय म्हणून. पहिलीला साल आत साठणारा, डबीवाला घ्या, म्हणजे दर वेळी उठून केराच्या टोपलीपाशी जायला नको (तिथे तीन जण जमले की गप्पांचा कट्टाच होतो). फक्त त्याचं झाकण दाबून बघा, दप्तरात आपोआप उघडत असेल तर काळी भुकटी सगळ्या वह्यांवर.

खोडरबर साधं पांढरं, मऊ, पुठ्ठ्याच्या वेष्टनातलं. केकच्या, फळांच्या, गाडीच्या आकाराची आणि वासाची खोडरबरं दिसायला गोड असतात पण बहुतेकांनी पुसत काहीच नाही, नुसतं फासलं जातं, आणि लहान मुलं वासाला भुलून तोंडात घालतात. पांढऱ्या खोडरबराचं पुठ्ठ्याचं वेष्टन काढून टाकू नका बरं का. ही खोडरबरं प्लास्टिकची असतात, त्यांना मऊ ठेवायला घातलेलं द्रव्य दुसऱ्या प्लास्टिकमध्ये उतरतं, म्हणून उघडं खोडरबर पट्टीला चिकटून बसतं आणि पट्टीवरचे आकडे उडतात. वेष्टन त्यासाठीच असतं.

पेटीबद्दल वर लिहिलंच. मी चेनची, कापडी, एकाच कप्प्याची पिशवी सुचवते, चेनीला मोठी कडी किंवा दोरी हवी, आणि तोंड मोठं हवं म्हणजे हात आत घालून शोधायला नको, उघडली की सगळं दिसलं पाहिजे. स्टीलची किंवा टणक प्लास्टिकची पेटी बाकावरून पडली की अख्खा वर्ग दचकतो आणि आतल्या सगळ्या पेन्सिली एकदम तडकतात.

आता हरवण्याबद्दल, कारण तुमचा अर्धा वैताग त्याचाच आहे. माझ्या टेबलाखाली सापडलेल्या वस्तूंचा एक खोका असतो. दर आठवड्याला मी तो वर्गापुढे धरते, हे कोणाचं विचारते, आणि कोणीही हात वर करत नाही. मुलं खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच माहीत नसतं, कारण एकाच दुकानातल्या एकाच पुड्यातल्या पेन्सिली वर्गातल्या दहा जणांकडे असतात. नावाची चिठ्ठी पेन्सिलीवर चिकटवली तर ती हाताच्या घामाने सुटते, किंवा पोरं बोटाने सोलत बसतात. त्यापेक्षा पेन्सिलीच्या मागच्या टोकाला ब्लेडने बोटाच्या पेराएवढी पट्टी सोला, आतलं लाकूड दिसेल, त्यावर बॉलपेनने नाव किंवा हजेरी क्रमांक लिहा. पेन्सिल संपत येईपर्यंत ते टिकतं. (हे तुम्ही करायचं, मुलीच्या हातात ब्लेड नको.) पहिलीत अजून वाचता येत नसेल तर नावाबरोबर एक खूण करा, दोन निळे ठिपके, काहीही, पण सगळ्या वस्तूंवर तीच. खोडरबरावर, शार्पनरच्या डबीवर, आणि डब्याच्या झाकणावर व डब्यावर अशी दोन्हीकडे, कारण झाकणं आणि डबे यांची कायम ताटातूट होते.

आणि सामान थोडं द्या. पिशवीत टोक काढलेल्या दोन किंवा तीन पेन्सिली, एक खोडरबर, एक शार्पनर, एक छोटी पट्टी. बस. पूर्ण पुडा पाठवला की पोराला किती होत्या आणि किती राहिल्या ते कळतच नाही, वाटून टाकतात, अदलाबदल करतात. तीन असल्या तर एक गेली हे त्याच संध्याकाळी कळतं. बाकीचा साठा घरी एका डब्यात, आणि रोज संध्याकाळी दप्तर भरताना मुलीनेच पिशवी रिकामी करून मोजायची, बोथट झालेल्यांना टोक काढायचं. सुरुवातीला सोबत बसावं लागतं, नंतर करतात आपली आपण. पेन्सिल हरवली म्हणून ओरडा मात्र घालू नका, कारण मग पोरं दुसऱ्याची उचलून संख्या पूर्ण करून आणतात, हे मी बघितलंय.

रंगांचं थोडक्यात. पहिलीला मेणाचे रंगखडू उत्तम, जरा दाब द्यावा लागतो त्याने बोटांना ताकद येते, आणि तुटले तर टाकू नका, तो छोटा तुकडा मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो, लिहायच्या पकडीसाठी तेच तर हवं असतं. बारा रंग पुरतात. मोठी पेटी बाकावर मावत नाही आणि पोरगी चित्र काढण्यापेक्षा रंग निवडण्यात वेळ घालवते. स्केचपेन शाळेने मागितले तरच, आणि पाण्याने धुतले जाणारे घ्या. टोपणं उघडी राहिली की सुकतात, म्हणून टोपण लावल्यावर टक असा आवाज येतो का ते बघा, तो आवाज ऐकायची सवय लावली की पुष्कळ टिकतात. चिकटवायला डिंकाच्या बाटलीपेक्षा फिरवून वर येणारी कांडी बरी, फक्त ती नखाएवढीच वर काढायची हे दाखवून द्या, पोरं पूर्ण वर काढतात आणि मग टोपण लावताना चेंदामेंदा.

कात्री घेताना लोक सुरक्षित म्हणून अख्खी प्लास्टिकची घेतात. त्याने कागद कापला जात नाही, दुमडून पात्यांच्या मध्ये अडकतो, मूल वैतागतं आणि ओढाताण करतं, म्हणजे उलट धोका जास्त. टोकं गोल पण पाती धातूची अशी कात्री घ्या. साधा कागद घेऊन दुकानातच कापून बघा, एका दाबात सरळ कापला गेला पाहिजे.

वह्यांना मी कागद बघते. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, ते बऱ्याच वह्यांवर छापलेलं असतं. पेन्सिलीच्या मुलीला ५५ ते ६० च्या आसपासचा कागद चालून जातो, पण फार पातळ आणि फार गुळगुळीत नको, गुळगुळीत कागदावर पेन्सिल घसरते आणि रेघ उठत नाही, आणि पातळ कागद दुसऱ्यांदा खोडलं की फाटतो. चौथीला पेन येणार असेल तर ७० च्या आसपासचा बघा, नाहीतर शाई मागे उमटते आणि मागचं पान वाया. जाडजूड दोनशे पानी वहीपेक्षा शंभर पानी दोन बऱ्या, एका वेळी एकच दप्तरात जाते. स्पायरल वह्या लहान वर्गाला नकोत, तारेत पुढची वही अडकते, पानं टराटरा निघतात आणि तार एकदा वाकली की वही उघडत नाही. मधोमध शिवलेली किंवा पिना मारलेली वही बाकावर सपाट उघडी राहते, मुलीला एका हाताने दाबून धरावी लागत नाही.

चौथीच्या मुलाकडे येते. पट्टी पंधरा सेंटिमीटरची पिशवीत मावते, तीसवाली दप्तरातून डोकं बाहेर काढून बसते आणि एक दिवस मोडते. पण महत्त्वाचं म्हणजे शून्य कुठे आहे ते बघा. काही पट्ट्यांवर शून्य अगदी कडेला असतं आणि काहींवर कडेपासून जरा आत. दोन्ही चालतात, पण मुलाला आपली कुठली ते माहीत पाहिजे, कारण मोजमापात सगळ्यांची रेघ दोन-तीन मिलिमीटरने चुकते तेव्हा निम्म्या वेळा कारण हेच असतं, मुलगा कडेपासून मोजतो आणि शून्य आत असतं. एका वर्षात एकच प्रकारची पट्टी ठेवा. कोनमापक पारदर्शक हवा, आकडे ठसठशीत, मधला बिंदू स्पष्ट. रंगीत नक्षीदार घेतलात तर खालची रेघच दिसत नाही.

कंपास ढिला झाला म्हणालात, ते सगळ्यांचं होतं. घेताना तो उघडून कागदावर एक मोठं वर्तुळ काढून बघा, सुरुवात आणि शेवट एकमेकांना मिळाले तर बिजागरी घट्ट आहे. जरा जरी सरकत असेल तर नवीन असतानाच तो टाकाऊ आहे. पेन्सिल अडकवायचा स्क्रू मुलाच्या बोटांनी आवळता आला पाहिजे, आणि त्यात आखूड पेन्सिल घाला, लांब पेन्सिल घातली की वजनाने कंपास कलतो आणि वर्तुळ अंड्यासारखं होतं. ढिला झालेला स्क्रू छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने आवळून बघा आधी, पुष्कळदा नवीन घ्यावाच लागत नाही.

यांत्रिक पेन्सिल, म्हणजे मागे टिचकी मारली की कांडी पुढे येते ती, चौथीत सगळ्यांना हवी असते. शाळा चालवून घेत असेल तर द्या, पण ०.५ मिलिमीटरची नको, ती एवढ्या वयात कटाकट मोडते. ०.७ किंवा ०.९ घ्या. पहिलीला मुळीच नको.

पेनाचं वर्गशिक्षकांना विचारा, कधी सुरू करायचं ते प्रत्येक शाळेचं वेगळं. पहिलं पेन बॉलपेन असावं, जेलपेनाची शाई ओली राहते, हात फिरला की फासली जाते. आणि खोडता येणारी पेनं हल्ली फार मागतात मुलं, त्यांच्याबद्दल एक माहिती असू द्या. त्यांच्यातल्या अनेकांची शाई घासल्याने पुसली जात नाही, घासून जी उष्णता होते तिने रंगहीन होते, साधारण ६० अंशांच्या पुढे. म्हणजे वही तापलेल्या गाडीत राहिली तर अख्खा गृहपाठ गायब होऊ शकतो. फ्रीजरमध्ये ठेवली तर बहुतेक वेळा अक्षरं परत उमटतात, खोडलेलीसुद्धा, त्यामुळे पान वाचण्यासारखं राहील याची खात्री नाही. रोजच्या सरावाला ठीक, जपून ठेवायच्या कामाला नको. आणि कुठलंही पेन घेताना टोपणाला वर भोक आहे का ते बघा. चुकून टोपण गिळलं आणि घशात अडकलं तर हवा जायला वाट राहावी म्हणून ते ठेवतात, त्यासाठी आयएसओ ११५४० असं आंतरराष्ट्रीय मानकही आहे. टोपण चघळणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात.

दप्तर. भरलेलं दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्क्यांच्या आत असावं असं साधारण सांगितलं जातं. तुमची मुलगी समजा २० किलोची असेल तर दोन ते तीन किलो, त्यात एक लिटरची भरलेली बाटली घातली की एक किलो आणि वर बाटलीचं वजन तिथेच संपलं. म्हणून रिकामं दप्तर हातात घेऊन बघा, काही दप्तरांचं नुसतं अंगचं वजन किलोच्या आसपास असतं, सतराशे साठ कप्पे आणि टणक चित्रांमुळे. रुंदी मुलीच्या पाठीपेक्षा जास्त नको. पट्टे रुंद, गादीचे, आणि आखडता येणारे, इतके की दप्तराचा तळ कमरेच्या फार खाली लोंबणार नाही. "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मोठं दप्तर घेऊ नका, मोठं दप्तर मोठं म्हणूनच भरलं जातं. जड वह्या-पुस्तकं पाठीला लागून, हलकं पुढे. चाकांची दप्तरं सपाट जमिनीवर छान, पण जिने असतील तर तेच दप्तर चाकं आणि दांड्यासकट उचलावं लागतं.

आणि मुलीला दप्तर भरून चेन लावायला सांगा. दोन्ही टोकं पकडून, दप्तर जमिनीवर असताना, एकटीने. पहिलीच्या पुष्कळ पोरांना ती कोपऱ्यावरची वळणं जमत नाहीत.

बाटली आणि डब्याला तर हीच परीक्षा मुख्य. दुकानात तुम्ही उघडून बघू नका, तिला उघडू द्या, हात जरा ओले असताना जमतंय का तेही घरी बघा. घट्ट झाकणाची बाटली असली की मुलं दिवसभर पाणीच पीत नाहीत, बाईंना दर वेळी सांगायला लाजतात, आणि बाटली भरलेली घरी येते. मग झाकण अर्धवट लावायला लागतात म्हणजे पुढच्या वेळी उघडता यावं, आणि ती बाटली "गळकी" होते. तुमची गळते म्हणालात ती अशीच आहे का बघा, पाणी भरा, नीट झाकण लावा, उलटी करून हलवा. तेव्हा गळली नाही तर बाटली चांगली आहे, झाकण मुलाला जमत नाही. गळली तर आतली रबरी चकती बघा, धुताना निघून उलटी बसलेली असते बऱ्याचदा. नळीवाल्या बाटल्यांची नळी आणि ती चकती पूर्ण सुटी करून धुता येत नसेल तर घेऊ नका, आत काळी बुरशी धरते आणि बाहेरून दिसत नाही.

तर भारी की साधं. दप्तर, शार्पनर, कात्री, कंपास, बाटली यांत मी जास्त पैसे घालीन, कारण तिथे चांगलं आणि वाईट यांत कामाचा फरक पडतो. पिशवी, पट्टी, खोडरबर, पेन्सिली साध्याच, नीट निवडून घेतलेल्या. कव्हरं, स्टिकर, चित्रांचे सेट यात काहीच नाही. मुलांनाही काहीतरी त्यांच्या मनासारखं हवं असतं हे मान्य, म्हणून एक वस्तू पूर्ण त्यांच्या मर्जीने घेऊ द्या, पिशवी सगळ्यात बरी त्यासाठी, रंग कुठला का असेना, काम अडत नाही. आणि सगळं एकदम घेऊ नका. पहिल्या आठवड्यापुरतं घ्या, वर्गात काय लागतंय ते कळल्यावर बाकीचं, नाहीतर यादीत नसलेल्या निम्म्या वस्तू कपाटात पडून राहतात.

एक विचारायचं राहिलं, दोघांपैकी कोणी डावखुरं आहे का? असेल तर कात्री डावखुऱ्यांचीच घ्या. साध्या कात्रीचं वरचं पातं अशा बाजूला असतं की डाव्या हातात धरली की कापायची रेघ झाकली जाते आणि अंगठ्याच्या दाबाने पाती जवळ यायच्या ऐवजी लांब जातात, कागद चुरगळतो, आणि पोराला हस्तकला जमत नाही असा शिक्का बसतो. "दोन्ही हातांसाठी" असं लिहिलेल्या कात्र्यांची बहुतेक वेळा फक्त मूठ सारखी असते, पाती उजव्यांचीच, त्यामुळे डाव्या हाताने कापून बघितल्याशिवाय घेऊ नका. वही पिनांची, स्पायरल अजिबात नको कारण तार नेमकी हाताखाली येते, आणि पेन लवकर वाळणाऱ्या शाईचं. पेन्सिलही एचबीच ठेवा, मऊ पेन्सिलीने लिहिलेल्यावरून हात फिरतो आणि तळहाताची कड काळी होते. लिहा नक्की, मग त्याप्रमाणे अजून काही सांगता येईल.